डॅकच्या खोक्यावरचे आकडे

माझ्या एका शिक्षक मित्राला संगणकावर जुने शास्त्रीय संगीत ऐकण्याचा छंद आहे. हेडफोनमध्ये खरखर येते म्हणून तो वेगळा डॅक घ्यायला निघाला. दुकानात त्याला दोन दाखवले. एकाच्या खोक्यावर '२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ', दुसऱ्यावर '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ' आणि किंमत तिप्पट! कोणता घ्यावा, असे त्याने मला विचारले.

संगणकात गाणे अंकांच्या रांगेच्या रूपात साठवलेले असते. या अंकांपासून बदलते विभवांतर तयार करणारे मंडल म्हणजे डॅक. ते प्रत्येक संगणकात असतेच. १९८२ साली आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. आपण फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो (चाळिशी ओलांडलेले माझ्यासारखे त्याहूनही कमी), आणि त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरतात, असे गणित सांगते. ३८४ किलोहर्ट्झचा लाभ झालाच तर वटवाघळांना!

आता बिट पाहू. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या होतात. दर बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे एकूण ९६. शांत खोलीतही ३० डेसिबल आवाज असतोच. त्यावर ९६ चढवले तर कान दुखू लागतील. २४ बिटांत पायऱ्या १,६७,७७,२१६. संकेताचा पल्ला २ व्होल्टचा धरला तर एक पायरी ०.१२ मायक्रोव्होल्टची. शाळेच्या प्रयोगशाळेतला १,००० ओहमचा रोध घ्या. तो कशालाही जोडलेला नसला, तरी इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य धावपळीमुळे त्याच्या टोकांमध्ये श्राव्य पट्ट्यात सुमारे ०.६ मायक्रोव्होल्टचा गोंगाट असतो. म्हणजे २४ बिटांची पायरीच गोंगाटात बुडालेली. ३२ बिटांची तर तिच्याही २५६ पट लहान! गंमत अशी, की या गोंगाटाचे सूत्र आणि नमुन्यांच्या दुपटीच्या नियमाचा पाया, दोन्ही नायक्विस्ट यांनी १९२८ मध्येच मांडले.

मग खरखर कुठली? गाणे न लावता आवाज पूर्ण वाढवा आणि माउस हलवा. (गाणे सुरू करण्यापूर्वी आवाज आठवणीने कमी करा.) खरखर बदलली, तर संगणकातल्या इतर मंडलांचे प्रवाह ध्वनिमंडलात झिरपत आहेत. अशा वेळी यूएसबीने जोडलेला साधा बाहेरचा डॅकही बहुधा पुरतो.

एक आकडा मात्र जरूर शोधावा: निर्गम रोध. तो आणि हेडफोन एकसर जोडणीत येतात, त्यामुळे विभवांतर दोघांत विभागले जाते. हेडफोनचा अवरोध वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून ही विभागणीही बदलते आणि काही स्वर उगाच पुढे येतात. निर्गम रोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत चालेल. खोक्यावर हा आकडा क्वचितच छापतात, माहितीपत्रक मागावे लागते.

मित्राची खरखर माउसबरोबर बदलत होती. त्याने स्वस्तातला डॅक घेतला. आता थोडी खरखर उरली आहे, पण ती मूळ तबकडीची.