वॅट किती आणि शब्द किती?

ध्वनीची ओळख : लेखांक ६

डेसिबल म्हणजे काय, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता ते कामाला लावू. बाळापुरात मंदिराच्या सभामंडपासाठी नवा साऊंड घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटचा?’ साऊंड बसतो, हरिपाठ सुरू होतो आणि मागं बसलेली आजी म्हणते, ‘‘आवाज त लय मोठा हाय, पण बुवाचा शब्द काही समजून नाही राह्यला.’’ वॅटचा आकडा खरा आणि आजीचं म्हणणंही खरं. हे कसं?

वॅट दुप्पट केले की पातळी जेमतेम ३ डेसिबलनं वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट ९० ऐवजी ९६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर चौथाई वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. म्हणून दुकानात हा आकडा आधी विचारावा. खोक्यावरचा भला मोठा ‘पीएमपीओ’ सोडून द्यावा आणि ‘आरएमएस’ वॅट पाहावेत.

पण शब्द कळतो तो व्यंजनांमुळे, आणि त्यांची ओळख मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते. वर टिनाचं छप्पर, खाली फरशी, अशा मंडपात आधीच्या अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर चढतो. वॅट वाढवले की घुमाराही तेवढाच वाढतो.

मोजमाप आणि कान यांचा हा वाद आपल्याकडे जुना आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींचं गणित पुस्तकात मांडलं. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची त्यांना साथ होती. न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या पुढाकारानं श्रुती-हार्मोनियमही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मात्र भातखंडे आणि जाणकार गवयांनी ती मान्य केली नाही. मला यातून एवढंच दिसतं : गवई मींडेत स्वर हलता ठेवतो, पेटीची पट्टी एका जागी थांबते. एका जागेचं माप कितीही काटेकोर घेतलं, तरी त्यात ती हालचाल सापडत नाही.

मग सगळं कानावर सोडावं का? तेही धोक्याचं. दोनपैकी एक स्पीकर किंचित मोठा वाजला, तरी तोच ‘चांगला’ वाटतो; किंमत आणि नावही कानात शिरतं. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआडून स्पीकर ऐकवले. तेव्हा बहुतेकांची पसंती जुळली, आणि पसंतीचे स्पीकर मोजमापातही सपाट, गुळगुळीत आलेखाचेच निघाले. नीट ऐकलं आणि नीट मोजलं की दोघांचा निकाल जवळ येतो.

मंडळांनी म्हणून खरेदीआधी एवढं करावं. दोन्ही स्पीकर आपल्याच मंडपात पडद्याआड लावावेत. मोबाईलवरच्या डेसिबल-मापकानं दोन्हींची पातळी सारखी करावी. एकानं माईकवरून ‘पाट, खाट, ताट, घाट, लाट, वाट’ असे शब्द क्रम बदलून वाचावेत आणि शेवटच्या रांगेतल्यांनी ऐकू आले तसे कागदावर लिहावेत. ज्याच्यावर जास्त शब्द बरोबर आले, तो घ्यावा. आजीची तक्रार अशी आकड्यात उतरली, की दुकानदारालाही तिचं उत्तर द्यावं लागतं.

(पुढील आठवड्यात : घुमारा कमी करण्यासाठी स्पीकर कुठं टांगावेत?)