डीएनएची रोजची डागडुजी

छातीचा एक्स-रे काढायला सांगितला की "किरणांनी काही होणार नाही ना?" असं विचारणाऱ्या कितीतरी घरांत सकाळी मशेरीची डबी मात्र बिनघोर उघडते. छातीच्या एका एक्स-रेत मिळतो तेवढा किरणोत्सार जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून काही दिवसांत आपल्याला आपसूक मिळतोच. (सीटी स्कॅनचा डोस पुष्कळ मोठा असतो; तो हौसेने काढू नये, आणि डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिला तर टाळूही नये.) मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातल्या नायट्रोसामाइन्सपासून शरीरात बनणारे घटक थेट डीएनएला चिकटतात, आणि हे रोज, तोंडातल्या त्याच जागी, वर्षानुवर्षं चालतं.

भीतीची जागा अशी चुकते, कारण डीएनएला इजा होणं आणि म्युटेशन होणं आपण एकच धरतो.

इजा बाहेरूनच होते, एरवी डीएनए दगडावर कोरल्यासारखा टिकतो, असं एकेकाळी शास्त्रज्ञांनाही वाटायचं. 1970च्या दशकात टोमास लिंडाल यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की आपल्या शरीरातलं ऊबदार पाणीच त्याची झीज करतं. एकेका पेशीतून रोज सुमारे दहा हजार अक्षरं नुसती गळून पडतात. एवढी झीज होऊनही आपण जगतो, म्हणजे कुणीतरी डागडुजी करत असलं पाहिजे, हा त्यांचा तर्क. तो खरा ठरला.

त्यातली एक दुरुस्ती जवळून पाहू. डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. त्यातल्या 'सी'चं पाण्यामुळे अधूनमधून 'यू' होतं. 'यू' हे आरएनएचं अक्षर, डीएनएत ते परक्यासारखं उठून दिसतं. एक विकर येऊन ते उपटतं, दुसरं त्या जागी धागा कापतं, तिसरं समोरच्या धाग्यावरचा 'जी' पाहून पुन्हा 'सी' बसवतं आणि चौथं सांधा जुळवतं. झालं काम. पण हे होण्याआधीच पेशीने डीएनएची नक्कल काढायला घेतली, तर 'यू' हे 'टी' म्हणून वाचलं जातं आणि त्याच्यासमोर 'ए' बसतो. पुढच्या नकलेत 'ए'समोर रीतसर 'टी' येतो. आता दोन्ही धागे एकमेकांशी जुळतात, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांना खटकण्यासारखं काही उरत नाही. याला म्युटेशन म्हणायचं. इजा भरून निघू शकते. म्युटेशन पेशीच्या लेखी चूकच राहत नाही.

नक्कल काढतानाही चुका होतात, साधारण लाखभर अक्षरांमागे एक. छापखान्यातल्यासारखं इथे दोनदा मुद्रितशोधन होतं: एकदा नक्कल करणारं विकर स्वतःच मागे वळून पाहतं, मग दुसरा चमू तपासतो. शेवटी अब्जाच्या घरात अक्षरांमागे एखादी चूक उरते. आमच्या व्यवसायातल्या कुणाला ते जमलेलं नाही! या यंत्रणा उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझिझ सँकार यांना 2015चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

"तिच्यात ब्राका जनुक निघालं," असंही कानावर येतं. ते सगळ्यांतच असतं, पुरुषांतही. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते नीट जोडायला मदत करणं हे त्याचं काम. घात होतो तो त्यात बिघाड असला तर. तेव्हा स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. नावच कर्करोगावरून पडलं, त्याला ते बिचारं काय करणार?

म्युटेशन म्हणजे वाईटच, हेही खरं नाही. प्रत्येक बाळ आईवडिलांत नसलेली साठ-सत्तर नवी म्युटेशन्स घेऊन जन्मतं आणि बहुतेकांचा काहीच परिणाम दिसत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल एका अक्षराच्या बदलाने होतो. तो बदल आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार; एकाकडूनच आला तर गंभीर मलेरियापासून बचाव. हिवतापाच्या मुलखात तो टिकून राहिला तो यामुळेच. आणि पुढच्या पिढीत जातात ती फक्त बीजांड किंवा शुक्रपेशीतली म्युटेशन्स. उन्हाने कातडीत झालेली मुलांत उतरत नाहीत.

राहिल्या 'डीएनए दुरुस्त करणाऱ्या' अँटिऑक्सिडंट गोळ्या. फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरातलं बीटा कॅरोटीन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग टळेल, ही आशा. 1994 साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत तो 18 टक्के जास्त निघाला. गाजरं खुशाल खा, गोळीचे पैसे वाचवा, आणि घरात मशेरीची डबी असेल तर आधी ती बंद करा.