हेल्मेट आरशाला नको, डोक्यावर हवं



३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. १ ऑगस्टपासून मालीम असो, कुटबण असो, पहाटे जेटीकडे आपल्याच दुचाक्यांची रांग लागणार. जाळी, इंजिन, बर्फ सगळ्याची तयारी चालू आहे. त्यातच घरातलं हेल्मेटही एकदा बघून घ्या, म्हणून हे लिहितोय.

गेल्या हंगामात आमचे एक सभासद पत्नीला मागे बसवून बाजाराला निघाले होते. वळणावर मासळीचं पाणी सांडलेलं, गाडी घसरली. वेग काही फार नव्हता. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, खरचटण्यावर निभावलं. वहिनींचं डोकं रस्त्यावर आपटलं. आठ दिवस इस्पितळात काढले, आणि अजूनही डोक्यावर पाटी घेतली की त्यांना चक्कर येते. "मागे बसणाऱ्याला कशाला हेल्मेट?" असं आपण सगळेच म्हणतो. म्हणून कायदा काय सांगतो ते आधी बघू.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं की चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. नुसतं डोक्यावर ठेवून भागत नाही, पट्टा बांधलेला लागतो. सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १००० रुपये झाला आणि वर तीन महिने लायसन रद्द राहण्याची तरतूद आली. हजार रुपये एकवेळ भरू. पण तीन महिने गाडी चालवता आली नाही तर मासळी बाजारात कोण पोचवणार?

बोट मालकांनी लक्ष द्यावं. या दंडाच्या कलमात चालवणाऱ्याबरोबर 'चालवू देणारा'ही येतो. खलाशाला बर्फ किंवा सामान आणायला स्कूटर देताना चावीसोबत हेल्मेटही द्या.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२३ पासून वेगळा नियम आहे. मुलाच्या मापाचं हेल्मेट, त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

हेल्मेट कुठलं घ्यावं?

आयएसआय शिक्का आणि 'आयएस ४१५१' हा क्रमांक बघा. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी शिक्क्याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. बांधकामावरची पिवळी टोपी चालत नाही.

खरं काम करतो तो आतला थर्माकोलसारखा थर. आपटल्यावर तो दबतो आणि मार स्वतःवर घेतो. एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. डोकं हलवलं तर हेल्मेट फिरता कामा नये. नीट घातलेल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो, असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलंय.

आपल्या धंद्यात खास सांभाळायचं

खाऱ्या वाऱ्याने पट्ट्याचं बक्कल गंजतं. गोड्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. पेट्रोल, थिनर लावून पुसू नका, कवच कमजोर होतं.

क्रेट बसावा म्हणून आपल्यापैकी बरेच जण साडी गार्ड काढून टाकतात. साडी किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून तो असतो. मागच्या चाकाला आडोसा, मागे बसणाऱ्याला धरायला कडी आणि पाय ठेवायला जागा, हे सगळं नियमातच आहे.

हातमोजे, जाकीट यांची सक्ती नाही. पण ओली चप्पल ब्रेकवरून सटकते, त्यामुळे पायात घट्ट बसणारे बूट बरे. पहाटेच्या अंधारात रेनकोटवर चमकणारी पट्टी असली तर मागून येणाऱ्या टेम्पोला आपण लांबून दिसतो.

फळीखाली ठेवलेलं लाइफ जॅकेट बुडणाऱ्याला वाचवत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हेल्मेटचंही तसंच आहे. १ ऑगस्टच्या आत घरातली हेल्मेटं मोजा. गाडीवर जितकी डोकी, तितकी हेल्मेटं हवीत.

– सचिव