कोरलईची ‘आपली भाषा’

पांढरकवड्याच्या बाजारात कापसाचा लिलाव लागतो. सकाळी चहाबरोबर पाव, रात्री बटाट्याची भाजी, कपाटाची चावी आईच्या कमरेला आणि पगार महिन्याच्या महिन्याला. लिलाव, पाव, बटाटा, चावी, पगार हे पाचही शब्द मूळचे पोर्तुगीज, हे सांगितले तर घरात कुणाचा विश्वास बसत नाही. समुद्र कधी न पाहिलेल्या आपल्या आजीच्या तोंडीही ते होतेच की!

आपल्याकडे आले ते सुटे शब्द. रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यातल्या कोरलई गावात मात्र पोर्तुगीजांच्या पाठीमागे एक आख्खी भाषा राहून गेली. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे एका काठावर रेवदंडा, दुसऱ्या काठावर कोरलई. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये चौलला कोट बांधायला घेतला आणि 1594 मध्ये कोरलईचा डोंगर अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकला. शिपाई, व्यापारी, पाद्री आले. इथल्या काही कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म घेतला. सोजिराला मराठी येईना, घरच्या बाईला पोर्तुगीज येईना. त्या ओढाताणीतून जी कामचलाऊ बोली निघाली, ती मुलांची मातृभाषा झाली. अशा भाषेला क्रिओल म्हणतात.

1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. खरे तर भाषाही त्यांच्याबरोबर जायची. पण गावातले ख्रिस्ती धर्मामुळे हिंदूंपासून वेगळे आणि जातीमुळे इतर ख्रिस्त्यांपासूनही दूर पडले. त्या एकटेपणातच बोली तगली. जातीने कुणाचे काही भले केले असे म्हणवत नाही. इथे एक भाषा तेवढी वाचली.

गावकरी तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठी: क्रियापद आपल्यासारखे शेवटी. लिस्बनचा माणूस ऐकेल तर शब्द ओळखीचे वाटतील, वाक्य हाती लागणार नाही. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो 1996 मध्ये निघाला. बोलणारे आता हजाराच्या आसपास. शाळा मराठी, प्रार्थना मराठी, बाजार मराठी. ‘नौ लिंग’ उरली ती चुलीपाशी आणि अंगणात.

याच्या अगदी उलटा प्रकार मॉरिशस बेटावर घडला. तिथे आधी फ्रेंचांचे राज्य होते, 1810 पासून इंग्रजांचे. उसाच्या मळ्यांवर राबायला एकोणिसाव्या शतकात कोकणातून मराठी माणसे गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे गणपती बसवतात, शाळेत मराठी शिकतात, पण घरात बोलतात ती फ्रेंचवर पोसलेली क्रिओल. तिथे क्रिओलने मराठीला चुलीपासून उठवले, कोरलईत मराठी क्रिओलला उठवते आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद मलाही झाला. इंग्रजी आणि हिंदी आपल्याला गिळणार, असे आपण एकमेकांना सांगतो. कोरलईच्या अंगणातून पाहिले तर गिळणारे आपणच दिसतो.

तेवढ्यासाठी कोकणात तरी कशाला जायचे? पांढरकवड्याच्या भोवती कोलामांचे पोड आहेत. त्यांची कोलामी तेलुगू-गोंडीच्या कुळातली, मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. एमेनो नावाच्या पंडिताने 1955 मध्ये तिच्यावर पुस्तक काढले, ते आमच्या गावात मी कुणाच्या हाती पाहिलेले नाही.

बाजारात एक कोलाम बाई बांबूच्या टोपल्या घेऊन बसते. भाव माझ्याशी मराठीत होतो. पैसे कनवटीला लावले की शेजारच्या पोराशी ती आवाज उतरवून कोलामीत काहीतरी बोलते. इतकी वर्षे तिच्याकडून टोपल्या घेतो आहे. टोपलीला कोलामीत काय म्हणतात, हे मी तिला एकदाही विचारलेले नाही.