रबराची मनू

मुलांनो, तुमच्या वर्गात असा एखादा दोस्त आहे का, जो मनगट वाकवून हाताचा अंगठा थेट हातालाच टेकवून दाखवतो? करंगळी उलटी वळवून उभी करतो? मधली सुट्टी झाली, की सगळे त्याच्याभोवती जमतात. "परत करून दाखव ना!" असा गलका होतो. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो, आणि करणारा मात्र खुशीत हसत असतो.

माझ्या तिसरीच्या वर्गातही अशीच एक मुलगी होती. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण तिला मनू म्हणू. मुलं तिला 'रबराची मनू' म्हणायची. मनूलाही ते नाव आवडायचं. जमिनीवर बसताना ती पाय मागे दोन्ही बाजूंना टाकून बसायची. सगळे हसायचे, मीही हसायचे.

पण हीच मनू लिहायला बसली, की रडकुंडीला यायची. पेन्सिल इतकी घट्ट दाबून धरायची, की बोटांची टोकं पांढरी पडत. दहा ओळी झाल्या, की "बाई, हात दुखतो." अक्षर रेघेच्या वर-खाली. मला वाटलं, कंटाळा करते. एकदा तर मी तिला अख्खं शुद्धलेखन पुन्हा लिहायला लावलं. तिने मुकाट्याने लिहिलं.

मग हिवाळ्यात आमची सहल निघाली. लांब कुठे नाही, आमच्या द्रोणागिरीच्याच डोंगरावर. तुमच्यापैकी उरण-पनवेलकडच्या मुलांना हा डोंगर ठाऊक असेलच. वर जुना किल्ला आहे, खाली करंजाचं बंदर. हनुमंताने उचलून आणलेल्या द्रोणागिरीचं नाव असलेला हा डोंगर चढताना मुलं 'जय हनुमान' म्हणत पळत होती. मनू मात्र अर्ध्या वाटेतच खाली बसली. "बाई, गुडघे दुखतात." मी म्हटलं, "चल गं, नखरे नकोत. तुझ्याएवढी सगळी चढतायत ना?"

ती उठली आणि चढली. उतरताना मात्र तिचा पाय मुरगळला. तिला खांद्यावर घेऊन खाली आणावं लागलं. संध्याकाळी तिची आई म्हणाली, "बाई, ही रोज रात्री गुडघे धरून रडते. सकाळी उठून पुन्हा खेळायला पळते, म्हणून आम्हालाही वाटायचं, सोंग करते."

म्हणजे आम्ही सगळेच चुकलो होतो. मनू सोंग करत नव्हती. तिचे सांधे सैल होते.

होडी आणि दोर

पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून हे सांगितलं, तेव्हा मला नीट कळलं नाही. मग घरी येऊन वाचलं, डॉक्टरांना पुन्हा विचारलं आणि शेवटी करंजाच्या धक्क्यावर उभी राहिले तेव्हा उमगलं. ते कसं, ते सांगते.

धक्क्याला होडी दोराने बांधलेली असते. दोर बेताचा असेल तर होडी थोडी हलते, पण जागेवर राहते. दोर फार सैल असेल तर? लाट आली, की होडी दूर जाते, परत येते आणि धक्क्यावर आपटते. आपल्या शरीरातही असंच आहे. एक हाड दुसऱ्या हाडाला जिथे मिळतं तो सांधा. ती दोन हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. हे आपले दोर! ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे विणलेले असतात. काही मुलांत हे दोर जन्मतःच जरा जास्त ताणले जाणारे असतात. म्हणून सांधा जितका वळायला हवा त्यापेक्षा जास्त वळतो.

पण होडीत खलाशीही असतात ना! दोर सैल असला, तरी दोन दणकट खलाशी बांबू टेकवून होडी सावरून धरतात. आपल्या शरीरातले खलाशी म्हणजे स्नायू. सैल सांध्यांच्या मुलांत या खलाशांना दिवसभर जादा काम पडतं. म्हणून ती लवकर दमतात आणि म्हणूनच संध्याकाळी, रात्री त्यांचे पाय दुखतात.

आता एक गंमत करा. डोळे मिटा आणि बोट नाकाच्या शेंड्याला लावा. लागलं? न बघता कसं बरं लागलं? हात कुठे आहे, किती वाकला आहे, याचा निरोप सांधे आणि स्नायू मेंदूला सतत देत असतात. सैल सांध्यांकडून हा निरोप कधी कधी थोडा अस्पष्ट जातो. मग मूल ठेचकाळतं, धडपडतं आणि पेन्सिल सुटेल की काय म्हणून ती गच्च आवळून धरतं. मनूची पांढरी पडलेली बोटं आठवतात ना?

नऊ गुणांची परीक्षा

सांधे किती सैल आहेत, हे मोजायची एक सोपी परीक्षा आहे. डॉक्टर बाइटन यांनी ती १९७३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांच्या तपासणीत वापरली आणि आज जगभरचे डॉक्टर तीच वापरतात. करंगळी मागे काटकोनापर्यंत वळते का? अंगठा हाताला टेकतो का? कोपर उलट्या बाजूला झुकतं का? गुडघा मागे झुकतो का? प्रत्येकी डाव्या बाजूचा एक गुण, उजव्या बाजूचा एक. झाले आठ. गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला पूर्ण टेकले, तर नववा गुण.

ही परीक्षा डॉक्टरांनी घ्यायची, बरं का! मधल्या सुट्टीत एकमेकांची बोटं ओढून नाही. आणि गुण जास्त मिळाले म्हणजे आजार झाला, असंही नाही. लहान मुलांचे सांधे मोठ्यांपेक्षा मुळातच लवचीक असतात. मुलींचे मुलांपेक्षा अधिक. म्हणून लहान मुलांत निदान सहा गुण झाले, तरच सांधे सगळीकडे सैल आहेत असं धरतात. त्यातल्या पुष्कळांना काहीच त्रास नसतो. वय वाढेल तसे सांधे हळूहळू घट्ट होतात.

उलट काहींना याचा फायदाच होतो. आपला मल्लखांब पाहा ना. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं जीवन दिलं, आणि २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. लाकडी खांबावर किंवा दोरावर शरीर कमानीसारखं वाकवणारी मुलं पाहून आपण तोंडात बोट घालतो. पण त्या मुलांचे स्नायू पाहा! लवचीकपणा आणि ताकद, दोन्ही हवं.

१९९३ साली ६६० वादकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांची मनगटं लवचीक होती, अशा वादकांपैकी शंभरात पाच जणांचीच मनगटं दुखत. ज्यांची तशी नव्हती, त्यांच्यात मात्र शंभरात अठरा जणांची. म्हणजे बासरी, व्हायोलिन, पियानो वाजवताना सैल मनगट उपयोगी पडलं. गुडघ्यांचं मात्र उलटं होतं. सैल गुडघ्यांच्या वादकांना त्रास जास्त होता. गुडघ्यांना उभ्या शरीराचा भार पेलायचा असतो ना!

मग यावर औषध काय?

फार जुनी गोष्ट सांगते. हिपॉक्रॅटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात सिथियन नावाच्या लोकांचं वर्णन आहे. त्यांचे सांधे म्हणे इतके ढिले, की धनुष्य ओढायला ताकद येत नसे. म्हणून ते खांदे तापलेल्या लोखंडाने डागून घेत. बापरे!

आज असलं काही करायचं नसतं. सैल दोर घट्ट करणारी गोळी नाही, तेल नाही, की टॉनिक नाही. कॅल्शियम हाडांसाठी असतं, अस्थिबंध त्याने आवळत नाहीत. शस्त्रक्रिया फार क्वचित, सांधा पुन्हा पुन्हा निखळत असेल आणि बाकी सगळे उपाय थकले असतील, तेव्हाच डॉक्टर तिचा विचार करतात.

पण दोर बदलता आला नाही, तरी खलाशी तर दणकट करता येतात! हाच खरा उपाय. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामातून उपचार करणारे तज्ज्ञ, मदत करतात. मनूला त्यांनी तीन-चारच व्यायाम दिले. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून उचलायचा. भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभं राहायचं. भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळायचा. सगळं सावकाश, रोज थोडं थोडं. एक नियम मात्र पक्का होता. सांधा शेवटच्या टोकापर्यंत ताणायचा नाही, आणि उभं राहताना गुडघे मागे ढकलून ठेवायचे नाहीत.

पहिल्या महिन्यात काही फरक पडला नाही. मनू कंटाळली. "बाई, हे तर रोज रोजच करायचं!" हो, रोजच. खलाशी एका दिवसात दणकट होत नाहीत. तीन-चार महिन्यांनी तिची आई म्हणाली, आता रात्री उठण्याचं प्रमाण कमी झालंय. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. जास्त खेळली, की अजूनही दुखतं. पण ते कसं सांभाळायचं, हे आता तिला कळतं.

खेळ बंद करायचा का? मुळीच नाही! घरी बसवून ठेवलं, तर स्नायू आणखी दुबळे होतात. पोहणं, सायकल चालवणं, चालणं हे चांगलं. एक दिवस खूप आणि दोन दिवस काहीच नाही, असं न करता रोज बेताने खेळायचं.

शाळेत काय करता येतं?

मनूसाठी आम्ही वर्गात छोटे छोटे बदल केले. जाड पेन्सिल दिली. दहा ओळी झाल्या, की हात सैल सोडून दोन मिनिटं थांबायचं. बाकावर बसताना पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली लाकडी पाट. दप्तर दोन्ही खांद्यांवर आणि त्यात त्या दिवशीची पुस्तकंच. चाचणीत थोडा जादा वेळ. यात खर्च काहीच नव्हता, फक्त विश्वास ठेवायचा होता.

आणि मी मनूची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. कारण 'नखरे नकोत' हेही मी सगळ्यांसमोरच म्हटलं होतं.

मुलांनो, तुमचं काम काय? "करून दाखव" म्हणून कुणाच्या मागे लागायचं नाही. अशा मुलाचा हात किंवा बोटं ओढायची नाहीत. आणि कुणी "माझे पाय दुखतात" म्हणालं, तर त्याला 'लंगडा घोडा' म्हणायचं नाही. तुमचे स्वतःचे पाय दुखत असतील, तर लपवू नका. आईला, बाबांना, बाईंना सांगा. एकदा सांगून कुणी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मूल रात्री वारंवार पाय दुखतात म्हणत असेल, पाय सतत मुरगळत असेल, लिहिताना हात लगेच दमत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सांधे सैल असणं पुष्कळदा आनुवंशिक असतं. मनूच्या बाबांनी तपासणीच्या खोलीतच आपला अंगठा हाताला टेकवून दाखवला, तेव्हा डॉक्टर हसले!

सांधा सुजला असेल, सकाळी आखडत असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर थांबू नका. तो दुसरा आजार असू शकतो. कातडी फार ताणली जात असेल, जखमांचे वण विचित्र होत असतील, किंवा मूल फार उंच, लांब बोटांचं आणि नजरेने अधू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा काही दुर्मीळ आजारांत डोळे आणि हृदयही तपासावं लागतं. वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका, आणि सांधे ओढून 'बसवून' घेऊ नका. पट्टा किंवा आधारही डॉक्टर सांगतील तेवढा वेळच वापरा, नाहीतर खलाशी आळशी होतात!

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतं. ते येईल तेव्हा मुलाच्या तक्रारीची चिठ्ठी बाईंकडे देऊन ठेवा. पुढे कुठे दाखवायचं, हे तिथे कळू शकतं.

मनू आता चौथीत आहे. परवा मधल्या सुट्टीत एक नवा मुलगा तिला म्हणाला, "तू अंगठा वळवतेस ना? दाखव की!" मनू म्हणाली, "ते नाही दाखवणार. हे बघ." आणि ती एका पायावर उभी राहिली. मुलं मोजू लागली. एक, दोन, तीन... वीसपर्यंत पोचली, तरी पाय हलला नव्हता.

तुम्हीही करून पाहा. भिंतीजवळ उभे राहा हं! आणि किती आकडे झाले, ते आम्हाला जरूर कळवा.