‘म्हातारचळ’ म्हणण्यापूर्वी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो. पण तिच्याआड घरातल्या वृद्धाचा गंभीर आजार दडू शकतो.

१९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी प्रथम वर्णन केलेल्या विकारात विस्मृती वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाते. ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाची अशीच ओसरती स्मृती साकारली आहे. परंतु काल आपल्या हाताने जेवणारे आजोबा आज एकाएकी बरळू लागले, नसलेली माणसे त्यांना दिसू लागली किंवा हाकेला ओ न देता ते सुस्त पडून राहिले, तर मूळ विकारच बळावला असे समजू नये. जुनी माणसे याला ‘वात झाला’ म्हणत; वैद्यकात ‘डेलिरियम’ म्हणतात. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अंगातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, नवे औषध, डोक्याला मार ही त्याची नेहमीची कारणे. ताप असेलच असे नाही. वेळीच उपचार झाले तर पुष्कळ सुधारणा होते. उशीर जिवावर बेततो.

आपल्या अलिबागेत अनेक घरी मुले नोकरीसाठी मुंबईला, आणि वाडीत आजी-आजोबांजवळ कॉलेजात जाणारे नातवंड. तेव्हा लक्ष ठेवणे आपल्याकडेच येते. बदल केव्हा सुरू झाला, दिवसभरात कमी-जास्त होतो का, वैशाखाच्या उकाड्यात पाणी किती प्यायले, लघवी झाली का, कोणते औषध नवे, हे वहीत टिपावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

‘वय झालं’ हे निदान नव्हे.