दारातली गाडी आणि घरातली लाईट

३ जून २०२० चा दिवस रायगड-रत्नागिरीकरांना आठवून द्यायला नको. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकले, माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर विजेचे पोलही. कित्येक वाड्यांनी पुढचे काही आठवडे अंधारात काढले. त्यातून सावरतोय तोच मे २०२१ मध्ये तौक्ते आले. अंधाराचे एक वेळ चालते हो. पण विहिरीत पाणी आहे आणि टाकीत चढत नाही, मोबाईल मेलेला, गिरण बंद, आणि घरात कुणाला इन्शुलिन लागत असेल तर फ्रीजकडे बघून जीव टांगणीला. खरी अडचण ती असते.

अशीच वेळ फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यावर आली. तिकडे वादळ होते बर्फाचे. वीजनिर्मिती कोलमडली आणि सुमारे ४५ लाख घरांची लाईट गेली. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. बरेच जण गारठून गेले, तर काही जण उबेसाठी बंद जागेत गाडी किंवा जनरेटर चालू ठेवल्यामुळे धुराने गुदमरून गेले. त्या दिवसांत काही पिकअपवाल्यांची घरे मात्र सावरली. फोर्ड कंपनीच्या एफ-१५० या पिकअपच्या हायब्रीड मॉडेलमध्ये ७.२ किलोवॅटचा जनरेटर आणि मागच्या हौद्यात प्लगचे सॉकेट होते. लोकांनी तिथून वायर ओढून हीटर आणि फ्रीज चालवले.

त्याच वर्षी मे महिन्यात फोर्डने याच पिकअपचे पूर्ण विजेवर चालणारे मॉडेल दाखवले, नाव ‘लाइटनिंग’. २०२२ पासून ते गिऱ्हाइकांच्या हाती आले. मोठ्या बॅटरीच्या गाडीत १३१ युनिट वीज मावत असे. युनिट म्हणजे आपल्या बिलावरचेच युनिट. गाडी घराला एका वेळी ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देऊ शके. अमेरिकन घर दिवसाला साधारण ३० युनिट खाते, त्यामुळे तीन दिवस घर चालेल आणि जपून वापरले तर दहा दिवसही, असा कंपनीचा दावा होता. तिथल्या खेड्यांतही पुष्कळ घरांना स्वतःच्या बोअरचे पाणी असते. लाईट गेली की नळ कोरडा, हे दुखणे त्यांचे आणि आपले सारखेच.

आता एवढे ऐकून कुणी ती गाडी मागवायला निघू नये. सुरुवातीच्या मॉडेलची जाहीर किंमतच ४० हजार डॉलरच्या घरात होती, घरजोडणीच्या संचाचा आणि फिटिंगचा खर्च वेगळा. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने हे पूर्ण विजेवरचे मॉडेल बंद करत असल्याचे जाहीर केले. पण गाडी गेली तरी कल्पना राहिली. जपानमध्ये तर २०११ च्या भूकंपानंतर निस्सान कंपनीने २०१२ मध्येच ‘लीफ’ मोटारीवर घर चालवण्याचा संच विकायला काढला होता. आपल्याकडेही २०२३ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन इलेक्ट्रिकमध्ये गाडीतून बाहेर ३.३ केव्हीएपर्यंत वीज देण्याची सोय आहे. म्हणून आपल्या घराच्या मापाने हिशोब मांडू.

नऊ वॅटचे पाच दिवे पाच तास लावले तर पाव युनिटसुद्धा जळत नाही. दोन पंखे दहा तास, दीड युनिट. फ्रीज दिवसाला एक ते दीड युनिट. टीव्ही, मोबाईल, मिक्सर सगळे धरून अर्धे. म्हणजे कोकणातले साधे घर दिवसाला चार युनिटमध्ये भागते. गाडीची बॅटरी ४५ युनिटची असेल, त्यातली निम्मी वाटखर्चाला राखली आणि रूपांतरातली घट सोडली, तरी सुमारे वीस युनिट हाती राहतात. पाच दिवस निभावले. गिझर आणि इस्त्री मात्र विसरायची. त्या दोघींनी एका तासात पंख्यांची रात्र खाल्ली म्हणून समजा.

पाण्याच्या मोटारीचे काय, हे विचारणारच. शेतावरची पाच एचपीची मोटार थ्री फेज, गाडीतून निघणारी वीज सिंगल फेज. तेव्हा ते जमणार नाही. घरच्या मोटारीचेही जपून. मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. अर्ध्या एचपीचा टिल्लू पंप निभावून जाईल, पण एक एचपीची मोटार बटण दाबताक्षणी गाडीला ट्रिप करू शकते. नळपाणी योजनेच्या पंपाचा तर विचारच नको. सरपंच आणि ग्रामसेवकांनी त्यासाठी डिझेल जनरेटरचीच तजवीज ठेवावी.

वीज बाहेर देण्याची सोय प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत नसते. मालवाहू टेम्पो घेताना विक्रेत्याकडून हे लेखी घ्या. काही गावांत कचऱ्यासाठी बॅटरीवरच्या घंटागाड्या आल्या आहेत. त्यांची बॅटरी उघडून थेट वायर जोडण्याचा उद्योग कुणी हुशार पोराने करू नये, त्यात आगीला आमंत्रण आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. गाडी असो, जनरेटर असो, घराच्या वायरिंगला जोडताना पुष्कळ जण दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर वापरतात. एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या सॉकेटला. घरात उजेड पडतो, माणूस खूष. पण मेन स्विच बंद करायचा राहिला की हीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, गावच्या डीपीत शिरते आणि तिथे उलट्या दिशेने चढते. जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, तोच घरच्या दोनशे तीस व्होल्टचे पुन्हा हजारो व्होल्ट करू शकतो. वरून लाईन बंद केली आहे म्हणून वायरमन निर्धास्त पोलावर चढलेला असतो. ज्याची आपण चार दिवस वाट बघतोय, त्याच्याच जिवावर आपण उठलो. आणि त्या वायरचा एक प्लग चुकून सॉकेटमधून निघाला तर उघड्या पिनांमध्ये करंट असतो, घरातल्या मुलाचा हात तिथे गेला तर?

अमेरिकेत फोर्डच्या घरजोडणीत पहिले काम हेच होते. लाईट जाताच घर बाहेरच्या लाईनपासून तुटायचे, मग गाडीची वीज आत यायची. आपल्याकडे तेच काम साधा चेंजओव्हर स्विच करतो. दांडा एका बाजूला केला की महावितरण, दुसऱ्या बाजूला केला की गाडी किंवा जनरेटर. दोन्ही एकत्र कधीच नाहीत. तो परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. तेवढा खर्च करायचा नसेल तर भिंतीला हात लावू नका. गाडीच्या सॉकेटमधून चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि फ्रीज, पंखा, चार्जर थेट त्यावर लावा. त्यात वीज लाईनवर जाण्याचा प्रश्नच येत नाही.

चार्जिंगचे नियोजन वादळाच्या आधी. हवामान खात्याचा इशारा आला की त्याच दिवशी गाडी पूर्ण भरून ठेवावी. घरच्या १६ अँपियरच्या सॉकेटवर तासाला सुमारे तीन युनिट भरतात, त्यामुळे २१ युनिटच्या छोट्या टेम्पोलाही सहा-सात तास लागतात. वारा सुटल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आणि बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत घरात जाळू नका. बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रोगी तालुक्याला न्यायचा झाला तर तीच गाडी लागणार आहे. रस्ता झाडे पडून बंद असेल तर लांबच्या वळणाने जायचे अंतर धरून शिल्लक ठेवा.

गावपातळीवर एक काम आत्ताच होण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे जनरेटर, इन्व्हर्टर, सोलर किंवा अशी गाडी आहे, त्यांची यादी ग्रामपंचायतीने करावी, प्रत्येकापुढे चेंजओव्हर आहे की नाही याची नोंद घ्यावी आणि एक प्रत शाखा अभियंत्याकडे द्यावी. निसर्गच्या वेळी लाईन उभी करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके आली होती. आपला वायरमन कुणाच्या घरी जनरेटर आहे हे जाणतो, त्या परक्या पोरांना ते ठाऊक नसते.